गळा दाबायची इंग्रजी

त्या इंग्रजी नाटकाची मला आजही किळस येते. संशयाने नवरा बायकोचा गळा दाबतो, एवढीच त्याची गोष्ट. माझी बायको गेल्यापासून तर त्याची आठवण झाली की तोंड कडू होतं.

मी मराठी चौथी शिकलेला. इंग्रजांच्या राज्यात वाशीमच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखून घेणाऱ्या कारकुनाची जागा निघाली. साहेब गोरा, म्हणून इंग्रजी पाहिजे. गावात एक म्हातारे मास्तर होते, त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "साधे शब्द कोणीबी शिकते. तू या नाटकातले भारी शब्द पाठ कर. साहेब उठून उभा राहीन!" तंबाखूचा तोबरा भरून ते गळा दाबायचा प्रसंग चवीने सांगत. ओघळ हनुवटीवर आला तरी पुसत नसत. दगा, विष, सूड, मढं, सगळ्याला दोन-दोन, तीन-तीन शब्द.

संध्याकाळी मी घोकायला बसलो की बायको दिवा लावायला येई. दिवेलागणीला आमच्यात अभद्र बोलत नाहीत.

"याचा अर्थ काय हो?"

"विश्वासघात."

"अन् याचा?"

"खून."

"उठा, गोठ्यात जा. बैलायले आयकवा."

मग रोज शेणामुताच्या वासात मुडदे घोकले.

पारखीच्या दिवशी साहेबाने मला वजनकाट्याजवळ उभं केलं. मेडशी गावाहून आलेली कापसाची गाडी होती. कापसात हात घातला तर आत गार, चिकट. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं. साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला, माल कसा आहे, इंग्रजीत सांग. ओल्याला इंग्रजीत काय म्हणतात, कोणाच्या बापाला ठाऊक! मी नाटकातला दग्याचा शब्द फेकला, "ट्रेचरी!"

"काय बोलून राह्यला बे हा?" गाडीवाला घाबरला. साहेबाने माझ्या मागच्या उमेदवाराला पुढे बोलावलं. त्याने कापूस चाचपला अन् म्हणाला, "वेट, सर." वेट म्हणजे ओला. जागा त्याला मिळाली.

घरी येऊन सांगितलं. बायको हसली नाही.

"खून शिकवला, पण कापूस नाई शिकवला मेल्यानं! ते पुस्तक आधी त्याच्या घरी टाकून या. मंग जेवू."

मी पुस्तक मास्तरांच्या ओट्यावर आदळलं.

"अरे, शेवटचा अंक राह्यला ना!"

"तो तुमीच चघळा. मले भूक लागली."

घरी आलो तेव्हा ती ताट वाढून, न जेवता बसली होती.