पडक्या बंदरापाशी नांगर

बंदरावरचे लोक कप्तानाला त्याच्या पाठीमागे ‘चुळबुळ्या’ म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. जेवायला बसला की दोन घासांमागे एकदा उठून नांगराची साखळी बघायचा. कुणाशी बोलताना नजर त्या माणसाच्या खांद्यावरून पाण्याकडे जायची. पाहुण्यांना वाटायचं, आपण बोलतोय ते याला आवडत नाहीये.

हे सगळं अकरा वर्षांपूर्वी सुरू झालं. तेव्हा तो दुसऱ्या एका मालकाची यॉट चालवायचा. नांगर नीट बसलाय अशी खात्री करून तो दाढी करायला किनाऱ्यावर गेला आणि अर्ध्या दाढीला बाहेर गलका झाला. गळ्याभोवतीच्या फडक्यासकट तो धावत सुटला, तोवर यॉट खडकावर आडवी झालेली. माणूस कुणी नव्हतं आत, एवढंच नशीब.  

आताची यॉट लहान होती. सुकाणूवर तो आणि स्वयंपाकाला, दोरांना, नांगराला त्याची बायको. तीन-चार दिवसांची सफर घेऊन पाहुणे यायचे. त्यातला एक मुक्काम ठरलेला असायचा: पडक्या बंदराची खाडी. कधीकाळी तिथे मोठा व्यापार चालायचा म्हणे. आता अर्धा धक्का पाण्याखाली, अर्धा झुडपांत. पाहुणे उतरून फिरून यायचे. कप्तानाने मात्र तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

त्या खेपेला दोन बहिणी आल्या होत्या. थोरली शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. सगळे तिला बाईच म्हणत. सकाळी खाडीत शिरल्यावर कप्तानाने यॉट वाऱ्याला तोंड करून थांबवली आणि नेहमीसारखं ओरडायला सुरुवात केली.

“सोड! अगं, सोड म्हणतोय ना! हळू! ढीग नको करूस साखळीचा!”

“करत नाहीये ढीग,” बायको पुढच्या टोकावरून म्हणाली. गेली सात वर्षं ती हेच उत्तर देत होती.

नांगर बसला. बाई म्हणाल्या, “कप्तान, आज तुम्हीही चला. तासाभरात परत येऊ.”

“नको बाई. दुपारी वारा फिरतो इथला.”

“दुपारी ना? आत्ता दहा वाजलेत. अहो, जा की,” बायको म्हणाली. “मी आहे ना इथे. का मी दिसत नाही तुम्हाला?”

तो गेला. छोटी होडी वल्हवत दोघी बहिणींना घेऊन गेला खरा, पण जीव सगळा मागे. बाई घाटाच्या पायऱ्या दाखवत होत्या, कोठारांच्या भिंती दाखवत होत्या, आणि तो दर दहा पावलांनी मान वळवत होता. शेवटी धाकटी बहीण हसून म्हणाली, “मान धरेल हो तुमची!”

मग बाईंनी त्याला एक भोक पाडलेला दगड दाखवला. इथे जहाजांचे दोर बांधत, असं त्या म्हणाल्या. कप्तान पहिल्यांदाच खाली वाकला. भोकाच्या एकाच बाजूला खोल चर पडला होता. त्याने त्यात बोट घातलं.

“दोर आखूड बांधायचे,” तो म्हणाला. “लाट आली की हिसका बसायचा.”

बाईंनी वही काढली. “पुन्हा सांगा बरं.”

तो सांगायला लागला. दोर किती लांब हवा, ओहोटीला काय होतं, असं कितीतरी. कितीतरी वर्षांनी तो समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत होता. तेवढ्यात बाईंच्या वहीचं पान फडफडून उलटलं, आणि तेही उलट्या बाजूला.

त्याने मान वर केली. दुपार व्हायच्या आतच वारा फिरला होता, समुद्राकडून येत होता. यॉट गर्रकन फिरली होती आणि बुडालेल्या धक्क्याकडे सरकत होती.

तो कुणाला काही न सांगता पळाला. होडीत उडी मारली आणि वल्ही मारताना ओरडत राहिला, “इंजिन! अगं, इंजिन लाव!”  अर्ध्या वाटेवर त्याला इंजिनाचा आवाज आला. ते आधीच चालू होतं. बायको सुकाणूपाशी उभी होती आणि यॉट वाऱ्याला तोंड करून जागच्या जागी तोलून धरली होती तिने.

“ओरडू नका,” ती म्हणाली. “होडी मागे बांधा आणि पुढे जाऊन नांगर ओढा. लाल छपराचं घर त्या मोडक्या खांबाच्या मागे जातंय. आपण फार आत आलोय.”

तो बघतच राहिला. नांगर सरकतोय का हे ओळखायची ती खूण त्याने तिला कधी सांगितली नव्हती.

नांगर वर आला तो समुद्रगवताचा भारा घेऊनच. म्हणून तो धरत नव्हता. कप्तानाने सुरीने गवत कापलं आणि सुकाणूकडे निघाला.

“तिथेच थांबा,” बायको म्हणाली. तिने यॉट खाडीच्या मधोमध नेली. “आता सोडा. हळू! अहो, ढीग होतोय साखळीचा!”

“करत नाहीये ढीग!” तो म्हणाला आणि खाली बघितलं, तर झाला होता. दोघांनाही हसू आवरेना.  मग तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

किनाऱ्यावर बाई आणि त्यांची बहीण उन्हात बसल्या होत्या. त्यांना आणायला होडी गेली तेव्हा कप्तान माफी मागायच्या तयारीत होता. बाईंना मात्र दोराचं अर्धवट राहिलेलं ऐकायचं होतं.

त्या वर्षी त्याने बायकोला कप्तानाच्या परीक्षेला बसवलं. पहिल्यांदा जहाजांवरच्या दिव्यांच्या खुणांच्या पेपरात ती नापास झाली, दुसऱ्यांदा पास. हल्ली दोघं आळीपाळीने सुकाणू धरतात. तिची पाळी असली की तो किनाऱ्यावर भाजी आणायला जातो आणि टोमॅटो निवडायच्या आत निम्म्या वाटेपर्यंत परत येतो. ती लांबूनच हात हलवून त्याला पुन्हा पिटाळते.