वरच्या पहिल्या सीटवर वहिनी

माझ्या लेकीच्या लग्नाला तिच्या सख्ख्या मामानं गाडी काढली नाही. मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. आणि गाडी म्हणजे त्याची जुनी डबल डेकर. कोहिनूर गावापासून पार कमठाण्यापर्यंत लोक तिला ‘माडीची गाडी’ म्हणत. लेक त्याच गाडीतून सासरी जाणार, हे मी ती लहान असल्यापासून धरून चालले होते. अण्णा म्हणाला, “मला वरच्या तारा दिसत न्हाईत.” मी म्हणाले, “मामाला भाचीच दिसंना झाली म्हण की.” आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

गाडी मूळची हैदराबादची. अण्णा तरणा होता तेव्हा तिथं तीच गाडी हाकायचा. शहरातल्या डबल डेकर बंद झाल्या, तशी त्यानं नोकरी सोडली आणि ती लिलावात उचलून गावी आणली. आमचे अप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, “दारात हत्ती बांधलास, आता पोस.” पण लग्नसराई आली आणि हत्तीच घर पोसायला लागला. खाली वऱ्हाड, जिन्याखाली रुखवताची भांडी, आणि माडीवर बसण्यावरून दोन्हीकडच्या व्याह्यांचे रुसवेफुगवे. मांडवात झाली नसतील एवढी भांडणं त्या जिन्यावर व्हायची.

अडचण एकच, तारांची. आमच्याकडच्या गावांत विजेच्या तारा धुणं वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबतात. त्यात आकडे टाकून घेतलेल्या वेगळ्याच. म्हणून वरच्या मजल्यावर पहिल्या सीटला कुणीतरी वेळूची लांब काठी घेऊन बसावं लागे. काठीच्या टोकाला बेचकं, त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ती सीट बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावर येते. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून टाच आपटायची. एक टाच म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मधल्या वेळात काठीनं तार उचलून धरायची.

हे काम वहिनीचं होतं. कसं झालं ते सांगते. वहिनीचं मूल हाती लागलं नाही, पुन्हा दिवसही गेले नाहीत. ती उंबऱ्याबाहेर पाय टाकीना. कुणाच्या बारशाला नाही, हळदीला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून असायची. एक दिवस अण्णा तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. मी तिथंच ज्वारी निवडत बसले होते. म्हणाला, “ऊठ. मला खालून तारा दिसत न्हाईत. परक्या माणसाचा भरवसा न्हाई. तू वर बसलीस तर गाडी चालंल, न्हाई तर इकून टाकतो.” वहिनीनं उठून वेणी घातली.

पुढं तिला सगळा मुलूख ‘तारवाल्या अक्का’ म्हणून ओळखायला लागला. कुठल्या गावात कुठल्या वळणावर तार खाली आलीय, तिला तोंडपाठ. ती सीट तिनं कधी कुणाला दिली नाही. एकदा नवरदेवाचा मामा फेटा सावरत तिथं टेकायला आला, तर म्हणाली, “मागं बसा मामा. तार तुमच्या फेट्यात अडकली तर माज्या मालकाचं नाव जाईल.” अख्खी माडी हसली. घरी ज्या बाईचा शब्द ऐकू येत नव्हता, तीच ही. उतरली की नवऱ्याला म्हणायची, “मी नसते तर आज तुमची गाडी अन् तुमी, दोनी भाजले असते.” अण्णा मान खाली घालून म्हणायचा, “व्हय बाई, व्हय.”

मग तिला कावीळ झाली आणि ती उतरलीच नाही. बसवकल्याणला माझ्या घराजवळच्या दवाखान्यात होती, मी रात्रंदिवस तिच्यापाशी. तिला मरणाची भीती नव्हती. तिला घोर एकच. अण्णाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, “माज्यामागं गाडी हाकायची न्हाई. तुमाला तारा दिसत न्हाईत. शपथ घ्या.” अण्णानं घेतली. त्यानंतर गाडी अंगणात उभीच राहिली.

माझ्या लेकीच्या लग्नात मी म्हणाले होते, वर मी बसते, मला टाच आपटता येती. तरी तो हलला नाही. लेक भाड्याच्या गाडीतून गेली. रडताना ती माझ्यापेक्षा मामाच्याच गळ्यात जास्त होती, त्याचाही मला राग आला.

परवा भंगारवाला गाडी न्यायला आला. निरोप आला म्हणून मी गेले. बोलत नव्हते, पण भाऊ तो भाऊच. आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो. भंगारवाल्याचा ड्रायव्हर गाडी घेऊन निघाला. ती मारुतीच्या पाराच्या पलीकडं, वेशीजवळ पोचली असेल नसेल, तोच अण्णा ताडकन उठला. “अरे थांबव, तार हाय!”

गाडीमागनं चाललेल्या भंगारवाल्यानं पत्रा बडवला, तशी गाडी थांबली. मी चष्मा पुसून बघितलं. मला गाडी दिसत होती, तार काही दिसली नाही.

“तुला दिसायलीय?” मी म्हणाले. “इथून?”

तो परत कट्ट्यावर टेकला.

“म्हणजे लेकीच्या लग्नात खोटं बोललास मला?”

“तुला न्हाई,” तो म्हणाला. “तिला. समद्या तारा दिसायच्या मला. पहिल्यापासनं. तिनं अंथरुणावरनं उठावं म्हणून बोललो एकदा. मग रोज तार दिसली तरी तिची टाच पडंपर्यंत बिरेक मारायचा न्हाई.”

माझा सगळा राग गळून गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मी म्हणाले, “अरे, मग तिनं शपथ घातली तवा तरी सांगायचं. गाडी तरी राहिली असती तुला.”

“कामून सांगू? आपल्याबिगर ह्याचं चालत न्हाई, एवढं एकच घिऊन चालली व्हती ती. ते बी काढून घिऊ का तिच्या हातातनं?”

वेशीजवळ भंगारवाल्यानं तार वर केली असावी. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, “अण्णा, निघू का?”

अण्णाचे कान माडीकडं लागले होते, जणू वरनं दोन टाचा पडायच्या होत्या. ड्रायव्हर वाट बघत राहिला. शेवटी मीच हात वर करून जा म्हणाले.