शिसवी मूठ

आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हौसेनं सुऱ्या बनवतात. गॅलरीत वाइस आहे, ड्रिल आहे, पट्ट्याचं महागडं ग्राइंडरही आहे, पण त्याच्यावर कायम जुनी चादर. सगळा जीव एका कानशीवर. "हिला घाई चालत नाही," असं ते इतक्या लाडानं म्हणतात की आतून काकूंचं खाकरणं ऐकू येतं.

"पातं कुणीही घासेल हो, सुरी म्हणजे मूठ!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. महिनाभर घासून त्यांनी एक शिसवी मूठ केली आणि ती सुरी कळंबच्या आमच्या मासेवाल्या मावशींना भेट दिली. पुढच्या रविवारी मला म्हणाले, "चला, लेक सासरी कशी नांदते बघू."

मावशी पाटावर बसल्या होत्या. मूठ पायाखाली दाबलेली, पातं वर, आणि विळीवर चिरावी तशी दोन्ही हातांनी सुरमई चिरणं चाललेलं.

"अहो मावशी, ती हातात धरायची!" काका म्हणाले.

"हातात धरली तर मासा कोन धरंल?" त्यांनी मानही वर केली नाही.

आता काका भडकणार, असं मला वाटलं. ते मात्र उकिडवे बसून मावशींच्या पायाकडे बघत राहिले.

काल त्यांच्या गॅलरीवरून जाताना कानशीचा आवाज थांबला आणि हाक आली, "जरा चप्पल काढून आत या. नवी मूठ पायाला बसते का बघू."