मेल्यावर भरलेली जखम

भूत, करणी, अंगात येणं... मी यातलं काहीच मानत नाही. पारावर कोणी असं बोलाले लागलं तर मी उठून जातो. चौथी शिकलेला माणूस हाय, सजवून लिहिता येत नाही. झालं ते सांगतो.

गाव दुसरबीड. माझ्या बायकोले — कमलले — शुगर होती. डाव्या पायाच्या बोटावर जखम झाली, ती काही केल्या भरेना. त्या बोटातलं जोडवं काढून टाकावं लागलं. रोज सकाळी पट्टी मीच करायचो.

आमची पोरगी मीना पुण्यात सायंटिस्ट हाय. तिचं काम हेच — जखम कशी भरते. ती सांगे, शरीरात मूळ पेशी असतात, त्या नवी कातडी बनवतात. दुसऱ्या पेशी रोगाशी लढतात. शुगरवाल्याच्या जखमेत ह्या लढणाऱ्या थांबतच नाहीत, म्हणून कातडी धरत नाही. लॅबमधल्या उंदरांच्या जखमा ती भरून दाखवे. कमल फोनवर म्हणे, "मले बी उंदीर समज न माय!"

"माणसावर परवानगी नाही गं आई."

मागच्या उन्हाळ्यात कमल गेली. सकाळी पट्टी केली तेव्हा जखम उघडीच होती — लाल, ओली. मी उठून चहा ठेवला, तोवर हिनं मान टाकली.

मीना येईपर्यंत थांबलो. मग बायांनी आंघोळ घातली. सवाष्ण गेली म्हणून हिरवा चुडा, कुंकू, जोडवी. मी दारातून ओरडलो, "डाव्या पायात नका घालू, जखम हाय!"

थोरली वहिनी म्हणाली, "कुठी हाय जखम, भाऊजी? या, पाहा."

गेलो. सोडलेली पट्टी बाजूले पडली होती, पू लागलेली. अन बोट... लहान लेकराचं असते तसं. गुलाबी, गुळगुळीत. डागसुद्धा नाही. दुसरा पाय पाह्यला. नाही, हाच तो पाय.

मीना खाली बसली, बोट दाबून पाहत राह्यली. मग हळूच म्हणाली, "बाबा, एवढीशी कातडी घेऊ द्या. नखाएवढी. असं होऊच शकत नाही... कोणाचे तरी पाय वाचतील."

"जितेपणी भरली नाही तुह्यानं," मी म्हटलं, "अन आता भरलेली कापतेस? उठ!"

वहिनीनं जोडवं घातलं. आम्ही जाळून आलो.

मीनाचं तिथं लॅबमधी कोणी खरं मानत नाही. म्हणतात, दुःखात चुकीचं पाह्यलं. फोटो नाही, नमुना नाही. "बाबा, घेऊ द्यायचं होतं," ती अजून फोनवर म्हणते. मी म्हणतो, पुन्हा वेळ आली तरी नाही देणार. ती फोन ठेवून देते.

जखम कशी भरली, तिले ठाऊक नाही, मले ठाऊक नाही. पण ज्यानं कोणी भरली त्याले मी हात जोडणार नाही. बाई मोरीपर्यंत जायाले रडायची... तेव्हा कुठी मेला होता तो?