उभं राहिलेलं पाणी

बॉयलरच्या काचेच्या नळीचा वरचा कॉक, म्हणजे वाफेची तोटी, त्या दिवशी मी बंद ठेवला होता. फायरमन तात्यांनी नव्हे. संशोधन केंद्राच्या कागदांवर मात्र तात्यांचं नाव आहे, आणि ते तसं राहू देणारा मीच.

रत्नागिरीबाहेर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, आमचं केंद्र होतं. मासे आणि आंबा डब्यात कसे टिकवायचे, यावर तिथे प्रयोग चालत. सगळ्या प्रयोगशाळांना वाफ एकाच बॉयलरमधून जाई. मी तिथला इंजिनिअर आणि तात्या बॉयलरवरचे फायरमन. संगमेश्वराकडचे, तरुणपणी मुंबईच्या गिरणीत बॉयलर सांभाळून आलेले. शिक्षण चौथी.

केंद्र पाहायला पाहुणे येत. ते प्रयोगशाळांतून जांभया देत फिरत आणि बॉयलर हाऊसमध्ये जागे होत. तात्या त्यांच्या हातात बांबूची काठी देत. तिचं एक टोक वाफेच्या पाइपावर, दुसरं कानाला. "आयका. टिक टिक करतंय? म्हंजे तब्बेत बरी हाय." प्राध्यापकसुद्धा रांग लावून पाइपाची तब्येत ऐकत.

सगळ्यात शेवटी काचेची नळी. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं. तात्या तिच्यापुढे हात जोडल्यासारखे उभे राहत. "पानी कमी की जास्त ते मागनं बगा. आदी डुलतंय का ते बगा. डुलतंय तवर बॉयलर जिता. उभं ऱ्हायलं की समजा, काच खोटं बोलतेय."

मी मागे उभा राहून घड्याळ पाहायचो. पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही मी एकटा असताना वाचायचो. पानोपानी तात्या. एका कॉलेजच्या मुलीने त्यांच्यावर अर्धं पान लिहून खाली एक ओळ घातली होती : "तेथील एका साहेबांनीही माहिती दिली." ती ओळ मला कित्येक दिवस सलत होती. चौथी शिकलेल्या माणसाचा मी हेवा करत होतो, आणि तो हेवा मी शिस्त या नावाने खपवत होतो. "तात्या, पाहुण्यांशी फार बोलत जाऊ नका," असं मी बजावलंही होतं. "बरं सायेब," ते म्हणाले, आणि पुढच्या पाहुण्याच्या हातात काठी दिली.

मग दिल्लीहून शास्त्रज्ञ आले. या वेळी बॉयलर मीच दाखवायचा असं ठरवून मी तात्यांना तेलाच्या टाकीची पातळी मोजायला बाहेर पाठवलं. जोडीची दुसरी काच तडकलेली होती, म्हणून भरवसा एकाच काचेवर होता. नळी साफ करून दाखवताना मी एकेक कॉक बंद-चालू केला. वाफ फुसांडली, पाहुणे दचकून मागे सरले, मग हसले. मी हरखलो. त्या भरात वरचा कॉक उघडायचा राहिला. वरून वाफेचा दाब येईना, म्हणून नळीत पाणी वर चढून बसलं. बॉयलरमध्ये पाणी भरपूर आहे असं समजून मी त्यात पाणी सोडणारा पंप बंद केला आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेलो.

तात्या परत आले. नळीत पाणी काठोकाठ, पण उभं. त्यांनी कॉक उघडला आणि पाणी सर्रकन खाली जाऊन दिसेनासं झालं. त्यांनी तत्क्षणी बर्नर बंद केला. आतल्या तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडून स्फोट होऊ नये म्हणून पंपाला हात लावला नाही. बॉयलर वाचला, माणसं वाचली. पण वाफ बंद पडली आणि प्रयोगशाळेतले बांगड्याचे डबे अर्धे शिजून फुकट गेले. कुणाचं तरी वर्षभराचं काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. "कॉक कुणी बंद ठेवला?" तात्या माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नव्हे. मी खरं बोलेन म्हणून थांबले होते. मी म्हणालो, "पाळी तात्यांची होती."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

"व्हय, पाळी माजीच," तात्या म्हणाले.

त्यांना मेमो मिळाला आणि बदली झाली विहिरीवरच्या पंपघरात. तिथे कुणी पाहुणे येत नसत. बॉयलर दाखवायचं काम माझं झालं. मी सगळं अचूक सांगायचो. लोक माना डोलवायचे आणि दाराकडे बघायचे. काठी कोपऱ्यात उभी असायची. ती कुणाच्या हातात द्यायचा धीर मला झाला नाही.

तीन वर्षांनी तात्या निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "तात्या, एकदा बॉयलर बघून घ्या." नवे शिकाऊ फायरमन तिथे जमले होते. पाहुणे म्हणून आलेल्या तात्यांनी दारातून शिरताच कोपऱ्यातली काठी उचलली, आणि पाचव्या मिनिटाला तेच सगळ्यांना बॉयलर दाखवत होते. मी पुन्हा मागे. आणि खरं सांगतो, तेव्हासुद्धा मला त्यांचा हेवाच वाटला.

काचेपाशी एकाने विचारलं, "तात्या, पाणी उभं राहिलेलं तुम्ही कधी बघितलंत?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "एकदा," ते म्हणाले. "हितंच. माज्या पाळीत."

मी पुढे झालो. "पाळी तात्यांची होती," मी म्हणालो, "पण कॉक मी बंद ठेवला होता. मला तुमच्यासारखं दाखवायचं होतं, तात्या. तुम्ही बॉयलर वाचवलात आणि मी गप्प बसलो. मला माफ करा."