खांद्याचा जुना फोटो

चिंचा पाडायला माझ्या मुलीनं दगड भिरकावला आणि तिचा उजवा दंड मोडला. ती तेव्हा सहावीत होती. झाड बेंबळी गावातल्या आमच्या घरामागंच आहे, त्यामुळं हात पोटाशी धरून ती चालतच घरी आली. ती कुठं पडली नव्हती, आपटली नव्हती, तरी हाड मोडलं, हे मला पटेना. मी दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतो, हिशेब जुळवायची सवय. एवढ्याशा कारणाला एवढा परिणाम बसत नव्हता. मी तिला परत परत तेच विचारत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "चौकशी नंतर करा, आधी गाडी बघा."

धाराशिवच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला. "निरोगी हाड दगड फेकून मोडत नाही," ते म्हणाले. "इथं हाड आतून पोकळ झालंय. कड अंड्याच्या टरफलाएवढी उरलीय." हात गळ्यात अडकवून त्यांनी आम्हाला सोलापूरला हाडांच्या गाठी बघणाऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं. एसटीत बायको एकदाच बोलली, "गाठ म्हंजे तीच का?"

मी म्हटलं, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी आधी विचारून घेतलं. रात्री दुखायचं का, ताप यायचा का, वजन उतरलं का, दंडावर सूज होती का. सगळ्याला नाही. मग रक्त, मग एमआरआय. प्रत्येक ठिकाणी बसायला एक बाक आणि आपल्यापुढं कितीतरी माणसं. चप्पल काढा, चप्पल घाला. मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची आणि मी भिंतीवरच्या सूचना वाचून संपवायचो.

"बहुतेक पाण्याची पोकळी आहे, सिस्ट," शेवटी डॉक्टर म्हणाले. "मुलांना या जागी होते. कॅन्सर नसतो तो. पण ताज्या फ्रॅक्चरमुळं चित्र गढूळ झालंय. आत रक्त साकळलंय, कड तुटलीय. वाईट गाठही कधीकधी अशी दिसते. शंका राहिली तर दंड उघडून आतला तुकडा तपासायला पाठवावा लागेल." मग त्यांनी विचारलं, "या खांद्याचा आधीचा एक्स-रे आहे का? पोकळी जुनी असेल तर पुष्कळ काही कळेल."

तसा एक्स-रे होता. दोन वर्षांपूर्वी मुलगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडली होती. तेव्हा खांदा निखळलाय का एवढंच बघितलं होतं. निखळला नव्हता, म्हणून पुढं कुणी विचारलं नाही. तो काढणारं केंद्र आता बंद पडलं होतं. म्हणजे घरात असेल तोच.

घरी येऊन कपाट उपसलं, गादीखाली बघितलं. माझी आई दारात बसून आमची धावपळ बघत होती. "काय हुडकायलाव?"

"मागं खांद्याचा फोटो काढला होता ना, काळा कागद. तो."

"त्यो व्हय? त्यो तर म्या गिरानाला कापला."

त्या दिवाळीत सूर्याला ग्रहण लागलं होतं. आईनं एक्स-रेचे तुकडे करून आळीतल्या बायकांना वाटले होते, डोळ्यांपुढं धरायला. तसं बघणं डोळ्यांना चांगलं नसतं हे मी तेव्हाही सांगितलं होतं. बायकोनं उचललेली गादी खाली सोडली. "आत्याबाई, पोरीच्या हाडाचा फोटो होता तो."

"हाडाचा कुठं वाटला?" आई चिडली. "काळं काळं तेवढं कापून दिलं. पांढऱ्यातनं सूर्य बघून काय आंधळं व्हायचंय का बायकांनी?"

"मग पांढरं कुठंय?" मी विचारलं.

"न्हाणीत. खिडकीची काच फुटली व्हती, तिथं ठोकलाय. तू रोज त्याच्याखालीच आंघूळ करतूस की."

खिळे पकडीनं उपटले. तुकड्यावर साबणाचे शिंतोडे होते, एक खिळा खांद्याच्या गोल हाडातून गेला होता. पण दंडाचा वरचा भाग शाबूत होता. बायकोनं तो ओल्या फडक्यानं पुसला आणि आम्ही दोघांनी उजेडावर धरला. आता कुठं बघायचं ते माहीत होतं, म्हणून दिसलं. हाडाच्या टोकाला लागून एक काळपट डाग.

सोलापूरच्या डॉक्टरांनी खिळ्याच्या भोकावरून बोट फिरवलं. दोन्ही एक्स-रे शेजारी लावून त्यांनी पट्टी धरली. मीही वाकून आकडे वाचले. तेव्हा पोकळी हाड जिथून वाढतं त्या रेषेपासून पाऊण सेंटीमीटरवर होती. आता अडीचवर. रुंदी जवळजवळ तेवढीच. "हाड वाढत गेलं आणि ही मागं राहिली," ते म्हणाले. "वाईट गाठ दोन वर्षं अशी गप्प बसत नाही. एमआरआयमध्येही पाणीच आहे. दंड उघडायला नको. हाड जुळू दे, मग सुईनं पाणी काढू, तेही तपासू आणि औषध सोडू."

हाड जुळलं. भूल देऊन सुई घातली तेव्हा करडईच्या तेलासारखं पिवळं पाणी निघालं. त्याच्या तपासणीत वाईट काही नव्हतं. तो रिपोर्ट आला त्या दिवशी आपल्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. पण मी बाकावर बसल्या बसल्या झोपून गेलो.

नंतर पोकळी पुन्हा थोडी भरली, पुन्हा सुई झाली. हाडाची वाढ थांबेपर्यंत असं होऊ शकतं, लक्ष ठेवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. परवा जाऊन आलो. मुलगी आता आठवीत आहे. एसटीत खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून ती सोलापूरपर्यंत रुसली होती. घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणला डॉक्टर?"

"पोकळी अर्ध्याहून जास्त हाडानं भरलीय."

"समदी न्हाय?"

"न्हाय."

"मंग परत जायचंय?"

"सहा महिन्यांनी."

"बरं," आई म्हणाली आणि सुनेला चहा ठेवायला सांगून पाय पसरून बसली. मीही तिच्या शेजारी भिंतीला टेकलो.