कागद न पाहता दिलेलं मत

मंगळवारी सकाळी सव्वादहाला धुळ्याच्या आमच्या लॉ कॉलेजात, माझ्या टेबलासमोर सुमनबाई उभ्या होत्या. साक्री तालुक्यातल्या एका गावाच्या सरपंच. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"सर, तुम्ही मना हाऊ कागद कव्हय दखा व्हता?"

"नाही पाहिला."

"मंग मनं पद गयं, आसं टीव्हीवर कसं काय सांगं?"

मी व्हिडिओ तोवर पाहिलाच नव्हता. त्यांनीच मोबाइलवर दाखवला. चौदा सेकंदांचा. खाली पट्टी: 'सरपंचाचं पद गेलं! कायदेतज्ज्ञांचं स्पष्ट मत.' वर माझा फोटो.

शुक्रवारी जळगावच्या एका न्यूज चॅनेलच्या संपादकांनी मला फोन केला होता. राखीव जागेवर निवडून आलेल्याला जात वैधता प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणजे जातीचा दाखला सरकारी समितीने तपासून खरा ठरवल्याचा कागद. तो मुदतीत दिला नाही तर पद जातं. मी अकरा मिनिटं बोललो. वर्गात बोलतो तसंच. समजा नाही दिला, तर काय. समजा दिला, तर काय. आणि काहीही असलं तरी निर्णय जिल्हाधिकारी देतात, तोवर सरपंच खुर्चीवरच. चॅनेलने पहिलं वाक्य ठेवलं, तेही 'समजा नाही दिला' ही शेंडी कापून. बाकी सगळं फेकलं.

शनिवारी उपसरपंचांनी तो व्हिडिओ चौकात लाउडस्पीकरवर वाजवला आणि सुमनबाईंच्या केबिनला कुलूप ठोकलं.

मी कागद वाचला. प्रमाणपत्र दिल्याची तहसीलची पोच होती ती. मुदत संपायला तेवीस दिवस शिल्लक असतानाची. शिक्का, सही, आवक क्रमांक, सगळं जागेवर.

माझं डोकं तापलं. संपादकांना फोन लावला.

"सर, क्लिप मस्त चालतेय!"

"पूर्ण अकरा मिनिटं दाखवा. आज."

"एवढं कोण बघणार, सर? लेक्चर होतं ते."

"कापलंत ते सांगून तरी कापायचं होतं."

"सर, बोललात तर तुम्हीच ना? आम्ही काय तुमचा आवाज काढला?"

मी फोन आपटला. त्यांचा राग आलाच, पण जास्त राग आला तो या उत्तरात थोडं खरं होतं म्हणून. चॅनेलने मला गावाचं नाव सांगितलं होतं, सरपंचाचं नाव सांगितलं होतं. कागद पाठवा, एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

सुमनबाईंना घेऊन त्याच दुपारी साक्रीच्या पंचायत समितीत गेलो. गटविकास अधिकाऱ्यांनी फाइल उघडून दाखवली. उपसरपंचांच्या तक्रारीला पुरावा म्हणून एकच गोष्ट जोडली होती: माझ्या व्हिडिओची पेन ड्राइव्ह.

"तोंडी नको, सर. लेखी देता का?" अधिकारी म्हणाले. "प्राध्यापक लोक टीव्हीवर बोलतात, लेखी मागितलं की गायब होतात."

तिथेच बसून एक पान लिहिलं. मी या प्रकरणातला एकही कागद न पाहता बोललो. आज पोच पाहिली. माझं विधान या सरपंचांना लागू नाही. आदेशाशिवाय केबिनला कुलूप लावणं बेकायदेशीर आहे. सही केली, प्रत घेतली, प्रतीवर पोच घेतली.

गुरुवारी ग्रामसेवकाने कुलूप काढलं. पाच दिवसांनी. मी समोरच होतो. उपसरपंच पारावरून ओरडले, "काय सर, टीव्हीवर एक, गावात एक?"

"टीव्हीवर न पाहता बोललो. इथे पाहून बोलतोय," मी म्हणालो. लोक हसले. कोणाला हसले, कळलं नाही.

सुमनबाई खुर्चीवर बसल्या. आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "सर, कुलूप तं निंघनं. तो व्हिडिओ आजून फिरी ऱ्हायना." खरंच, तो मोबाइलवरून मोबाइलवर फिरतच होता.

चॅनेलने पंचायत समितीत दिलेलं माझं पत्र दाखवलं. पट्टी होती: 'कायदेतज्ज्ञांची कोलांटउडी.' नऊ सेकंद.

आता कोणाचाही फोन आला की मी आधी कागद मागतो. त्यामुळे फोन येणं बंद झालं आहे. आमच्याच कॉलेजातल्या दुसऱ्या एका प्राध्यापकांना येतात. ते लगेच बोलतात.